जर-तरची संध्याकाळ

मराठवाड्यात पैठण तालुक्यात पाचोड नावाचं गाव आहे. १९९८-९९च्या सुमारास या गावाच्या आसपासच्या खेड्यांत संध्याकाळी एक वर्ग भरू लागला. वर्ग मुलींचा, वय बारा ते अठरा, लग्न न झालेल्या. आठवड्याचे पाच दिवस, रोज एक तास, असं वर्षभर. शिकवणारी बाई शहरातून आलेली नव्हती. ती त्याच गावातली, निदान सातवीपर्यंत शिकलेली.

पाचोडच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट’ या संस्थेनं हा वर्ग सुरू केला होता. डॉ. अशोक दयालचंद आणि त्यांचे सहकारी या भागात ग्रामीण आरोग्याचं काम करत होते. कोवळ्या वयातली बाळंतपणं, अंगात रक्त कमी असलेल्या आया आणि वजनानं कमी भरणारी बाळं यांच्यामागे एकच कारण पुन्हा पुन्हा दिसत होतं. मुलींची लग्नं फार लवकर होत होती. औषधाच्या गोळीनं हे बदलणार नव्हतं. मग २२५ तासिकांचा एक अभ्यासक्रम तयार झाला. आरोग्य, आहार, बालसंगोपन यांच्या जोडीला त्यात गावातल्या संस्था कशा चालतात, ग्रामपंचायत म्हणजे काय, बँकेत आणि सरकारी कचेरीत काम कसं करून घ्यायचं, चारचौघांत आपलं म्हणणं कसं मांडायचं, हेही होतं. मुलींना वर्गात बसवण्याआधी आईवडिलांशी बोलणं झालं, त्यांची संमती घेतली गेली आणि वर्ग सुरू झाल्यावरही त्यांच्याशी संपर्क तुटू दिला नाही.

निकाल असा. लग्न झालेल्या मुलींना लग्नाच्या वयानुसार एका रांगेत उभं केलं, तर १९९७ मध्ये बरोबर मधोमध उभी राहणारी मुलगी सोळा वर्षांची होती. २००१ मध्ये तीच जागा सतरा वर्षांच्या मुलीची झाली. वर्ग चाललेल्या भागात १९९७ साली जेवढी लग्नं झाली, त्यातल्या ८०.७ टक्के मुली अठरा वर्षांखालच्या होत्या. चार वर्षांनी हा आकडा ६१.८ टक्क्यांवर आला. जिथे वर्ग नव्हता, त्या तुलनेसाठी घेतलेल्या गावांत अशी घसरण दिसली नाही. वर्गाला अजिबात न आलेल्या मुलींचं अठराच्या आत लग्न होण्याची शक्यता, वर्ग पूर्ण केलेल्या मुलींच्या चौपट निघाली.

या शेवटच्या आकड्याबद्दल कुणी शंका काढेल, आणि ती रास्तही आहे. ज्या घरात मुलीला संध्याकाळी वर्गाला पाठवतात, ते घर मुळातच थोडं मोकळं असणार. म्हणून गावांचा एकूण आकडा जास्त महत्त्वाचा. त्यात वर्गाला आलेल्या आणि न आलेल्या, सगळ्याच मुली मोजलेल्या आहेत.

एक वर्ष म्हणजे फार नाही, असं शहरात बसून वाटू शकतं. पण सोळा आणि सतरा यांच्यात दहावीनंतरच्या शिक्षणाचं एक वर्ष असतं. बाळंतपणासाठी शरीराला मिळालेले बारा महिने असतात. ‘मला आत्ता लग्न करायचं नाही’ हे वाक्य बापासमोर उच्चारायला लागणारा धीर गोळा करण्याचा वेळही याच वर्षात असतो. रोजचा एक तास, गावातलीच एक ताई आणि बसायला थोडी जागा, एवढ्या सामग्रीवर हे घडलं.

‘शाळा सुटली’ या दोन शब्दांना मराठीत दोन अर्थ आहेत. एक रोजचा. घंटा होते, दप्तरं पाठीवर येतात आणि पोरं फाटकाबाहेर उसळतात. दुसरा कायमचा. सातवीत किंवा नववीत शाळा सुटते आणि मुलगा कामाला लागतो, मुलगी घरकामाला. किशोरवयीन मुलांसाठी चालणाऱ्या संध्याकाळच्या उपक्रमांना या दोन्ही अर्थांची मुलं सांभाळावी लागतात. पाचोडच्या वर्गात शाळेत जाणाऱ्या मुली होत्या, शाळा सोडून शेतात राबणाऱ्याही होत्या. तिथे त्यांना शेजारी शेजारी बसता आलं.

२०११च्या जनगणनेनुसार भारतात दहा ते एकोणीस वयाची सुमारे २५ कोटी मुलं-मुली होती. म्हणजे दर पाच माणसांमागे एक. शाळेत जाणाऱ्या मुलाचे शाळेतले पाच-सहा तास आणि झोपेचे आठ तास सोडले, तरी दिवसाचे बरेच तास उरतात. या तासांची काळजी घराघरांत असते. आई कामावर, वडील कामावर, पोरगं कुठे आहे? अमेरिकेत पोलिसांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा शाळेच्या दिवशी अल्पवयीनांच्या हातून होणारे हिंसक गुन्हे शाळा सुटल्यानंतरच्या तासांत, दुपारी तीनच्या पुढे सर्वांत जास्त होतात असं दिसलं. तिथे शाळेनंतरच्या उपक्रमांना सरकारी पैसा मिळाला तो बराचसा या भीतीपोटी. आपल्याकडे याच काळजीवरचा उपाय म्हणजे शिकवणी. साडेपाचला गणित, सातला इंग्रजी, घरी येऊन जेवण आणि गृहपाठ. मूल गुंतलेलं राहतं आणि पालक निर्धास्त होतात.

पण मुलाला गुंतवून ठेवणं आणि मुलाची वाढ होणं या निराळ्या गोष्टी आहेत. इलिनॉय विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रीड लार्सन यांनी हा फरक एका साध्या युक्तीनं दाखवून दिला. किशोरवयीन मुलांना पेजर दिले. दिवसभरात तो अवचित वाजायचा, आणि वाजला की मुलानं लिहायचं, मी आत्ता काय करतोय, त्यात माझं मन आहे का, लक्ष आहे का. हजारो नोंदी जमल्या. शाळेच्या वर्गात मुलांचं लक्ष बऱ्यापैकी लागलेलं होतं, पण ते करण्याची स्वतःची इच्छा फार कमी होती. मित्रांबरोबर असताना इच्छा भरपूर, पण लक्ष कुठेच एकवटलेलं नव्हतं. इच्छा आणि एकाग्रता या दोन्ही गोष्टी एकत्र चढलेल्या दिसल्या त्या खेळ, नाटक, संगीत, मंडळाचं काम अशा ठिकाणी. तिथे मूल स्वतःहून आलेलं होतं आणि तिथे काहीतरी अवघड, ठरवून पार पाडायचं होतं. २०००मध्ये लार्सन यांनी हे मांडलं आणि या गुणाला नाव दिलं पुढाकार. पुढाकार शिकवता येत नाही, तो घ्यावा लागतो आणि घ्यायला जागा लागते, असा त्यांच्या मांडणीचा रोख.

त्याहून मनोवेधक निरीक्षण शर्ली ब्राइस हीथ या भाषाभ्यासक बाईंचं आहे. अमेरिकेतल्या गरीब वस्त्यांमधल्या कला आणि खेळांच्या गटांत मुलं कशी बोलतात, हे त्यांनी वर्षानुवर्षं ध्वनिमुद्रित करून तपासलं. चांगल्या चालणाऱ्या गटात नवं मूल आलं की तीन-चार आठवड्यांत त्याच्या बोलण्यात ‘जर असं झालं, तर आपण असं करू’ या घडणीची वाक्यं ठळकपणे वाढत. ‘असं करून बघितलं तर?’ ‘तुला काय वाटतं?’ असे प्रश्न वाढत. मुलांना कुणी व्याकरण शिकवलं नव्हतं. नाटक बसवायचं होतं, त्यासाठी पैसे जमवायचे होते, पडदा वेळेवर उघडायचा होता. पुढचा विचार केल्याशिवाय त्यांचं भागतच नव्हतं.

आपल्याकडे घरी मूल असं बोलू लागलं की मोठी माणसं म्हणतात, जर-तरच्या गोष्टी करू नकोस. खरं तर चौदा-पंधरा वर्षांच्या मेंदूचं त्या वेळचं मुख्य काम तेच असतं. आज नाही ते उद्या कसं असेल हे डोळ्यांसमोर आणणं, परिणाम तोलणं, आपल्याखेरीज दुसऱ्याच्या जागी उभं राहून बघणं. त्या वयाच्या मुलाला सगळं ठरलेलं मिळालं, पुस्तक ठरलेलं, उत्तर ठरलेलं, गुण ठरलेले, तर जर-तर वापरण्याची वेळच येत नाही.

नागपुरात ही वेळ एका फुटक्या बादलीमुळे आली. २००१ साली हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात काही झोपडपट्टीतली मुलं एका मोडक्या प्लास्टिकच्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिली. थोडा वेळ उभे राहून ते पाहत राहिले. मुलं त्या खेळात पार बुडालेली होती. बारशांनी त्यांना चेंडू दिला, आणि पुढे फक्त झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल स्पर्धा जाहीर केली. १२८ संघ आले. अनेकांच्या पायांत बूट नव्हते. ‘झोपडपट्टी फुटबॉल’ हे नाव तिथून पडलं आणि ‘स्लम सॉकर’ या नावानं ते जगभर गेलं. बेघरांच्या फुटबॉल विश्वचषकासाठी भारताचे संघ याच कामातून घडले. २०१६मध्ये जागतिक फुटबॉल संघटनेनं, म्हणजे फिफानं, स्लम सॉकरला विविधतेसाठीचा पुरस्कार दिला. २०२२मध्ये नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ आला आणि अमिताभ बच्चन यांच्या रूपात बारसे सर घरोघरी पोहोचले.

चित्रपटात स्पर्धा दिसते, विमान दिसतं. पण मुलांच्या वाढीचं खरं काम कुठल्यातरी वस्तीतल्या मैदानावर रोजच्या सरावात चालतं. स्लम सॉकर आणि तिच्यासारख्या जगभरच्या संस्था जो खेळ वापरतात, त्याचे तीन भाग असतात. पहिल्या भागात दोन्ही संघ रिंगण करून बसतात आणि आजचे नियम स्वतः ठरवतात. गोल झाल्यावर दोन्ही संघांनी टाळ्या वाजवायच्या का? मुलींना किती वेळा चेंडू मिळालाच पाहिजे? दुसऱ्या भागात खेळ, आणि त्यात शिट्टी वाजवणारा पंच नसतो. मुलं-मुली एकाच संघात असतात. तिसऱ्या भागात पुन्हा रिंगण. नियम पाळले का, कुणी कुणाला टाकून बोललं का, समोरच्या संघाला सचोटीचे किती गुण द्यायचे. जास्त गोल करणारा संघ या तिसऱ्या भागात हरू शकतो.

या पद्धतीचं मूळ कोलंबियात आहे. १९९४च्या विश्वचषकात ज्याच्याकडून स्वतःच्याच जाळ्यात चेंडू गेला, त्या आंद्रेस एस्कोबार या खेळाडूचा पुढे काही दिवसांतच मेदेयीन शहरात खून झाला. टोळीयुद्धांनी होरपळलेल्या त्या शहरात युर्गन ग्रीसबेक यांनी १९९६मध्ये शांततेसाठी फुटबॉल सुरू केला. टोळ्यांतली पोरं मैदानावर आणायची आणि संघात मुली हव्याच. पहिला गोल मुलीनं केला तरच पुढचे गोल धरले जाणार, असा नियम तिथे होता. कुणा प्राध्यापकाच्या व्याख्यानानं जे झालं नसतं, ते त्या नियमानं झालं. मुलीला चेंडू दिल्याशिवाय जिंकता येत नाही म्हटल्यावर पोरं मुलींना चेंडू देऊ लागली, आणि चेंडू द्यायचा तर तिला खेळता यायला हवं म्हणून तिला शिकवूही लागली.

मुंबईत कफ परेडच्या उंच इमारतींच्या पायथ्याशी असलेल्या आंबेडकरनगर वस्तीत अशोक राठोड यांनी २००६मध्ये अठरा मुलांना घेऊन फुटबॉल सुरू केला. त्यांची अट एकच होती. शाळा नाही, तर फुटबॉल नाही. त्या कामाची ‘ऑस्कर फाउंडेशन’ ही संस्था झाली. खेळाची ओढ शाळेच्या बाकाला बांधण्याची ही रीत साधी आहे, पण त्यासाठी खेळ मुलाला खरोखर हवासा वाटावा लागतो.

मुलग्यांच्या बाबतीत खेळाची आणखी एक बाजू मुंबईतच तपासली गेली. शालेय क्रिकेटच्या प्रशिक्षकाचा शब्द मुलं ज्या गांभीर्यानं ऐकतात, तसं घरात कुणाचंच ऐकत नाहीत. मग हाच माणूस मुलींशी कसं वागावं, याबद्दल बोलला तर? ‘परिवर्तन’ नावाच्या उपक्रमात मुंबईतल्या क्रिकेट प्रशिक्षकांना प्रशिक्षण दिलं गेलं. सरावाआधी किंवा सरावानंतर थोडा वेळ त्यांनी मुलांशी बोलायचं. रस्त्यावर मुलीला छेडणं, घरात बहिणीवर हात उगारणं, राग आला की काय करायचं, मित्र चुकीचं वागत असेल तर गप्प बसायचं का. या उपक्रमाचं मूल्यमापन झालं. मुलांचे मुलींबद्दलचे विचार बदलले, आणि मित्रानं आगळीक केली की हसून साथ देण्याचं प्रमाण घटलं. प्रशिक्षकांनाही हे सोपं गेलं नाही. मैदानावर ‘बांगड्या भर’ म्हणून मुलांना डिवचण्याची सवय मराठी मैदानांत जुनी आहे, आणि ती आधी मोठ्यांनाच सोडावी लागते.

पुढे हेच नाव घेऊन गोवंडीच्या शिवाजीनगरमध्ये बारा ते सोळा वर्षांच्या मुलींसाठी कबड्डी सुरू झाली. ‘अपनालय’ ही संस्था त्या वस्तीत आधीपासून काम करत होती. कबड्डीची निवड नीट विचार करून केलेली होती. साहित्य लागत नाही, नियम सगळ्यांना ठाऊक असतात, पण मुलीच्या अंगात मुरलेल्या साऱ्या शिकवणीच्या हा खेळ उलट जातो. आवाज काढायचा नाही म्हणून वाढलेल्या मुलीला मोठ्यानं ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत समोरच्या अंगणात घुसायचं असतं. धरली गेली तर सोडवून घ्यायचं असतं. खाली पडायचं, मातीत लोळायचं, पुन्हा उभं राहायचं. वस्तीतलं मैदान म्हणजे मुलांचं, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. खेळायला जागा मिळवणं, काय घालून खेळायचं याबद्दल घरच्यांशी बोलणं, अंधार पडायच्या आत मुलगी घरी येईल याची खात्री देणं, यात वस्तीतल्याच तरुण ताई पुढे होत्या. मुलींसाठी असलेल्या कुठल्याही उपक्रमाचं निम्मं काम असं मैदानाबाहेर, उंबरठ्यावर होतं, आणि आर्थिक मदत देणाऱ्यांच्या तक्त्यांत त्यासाठी बहुधा रकाना नसतो.

ही उदाहरणं वाचून वाटेल की मुलांना एकत्र आणलं की पुरे. तसं नाही, आणि याचा पुरावा स्वीडनमधून आला. तिथे सरकारी खर्चानं युवा केंद्रं चालतात. खोली, दूरदर्शन, बिलियर्ड, कॉफी, हवं तेव्हा या, हवं तेव्हा जा. जोसेफ महोनी आणि होकन स्टॅटिन यांनी २०००च्या आसपास तिथे येणाऱ्या किशोरवयीन मुलांचा अभ्यास केला. अशा केंद्रात वारंवार जाणाऱ्या मुलांमध्ये गैरवर्तन कमी नव्हतं, उलट जास्त होतं. त्याच देशात ठरलेल्या वेळेला, प्रशिक्षकाबरोबर, काही शिकण्यासाठी जमणाऱ्या गटांतली मुलं मात्र सावरलेली दिसत होती. देश तोच होता, वयही तेच. पहिल्या ठिकाणी ठरवून करण्यासारखं काही नव्हतं आणि बरोबर उभं राहून शिकवणारं मोठं माणूस नव्हतं. ज्या नगरसेवकांना अभ्यासिका किंवा युवा भवन बांधून काम झालं असं वाटतं, त्यांनी हा अभ्यास मुद्दाम वाचावा. इमारत उद्घाटनाच्या दिवशी पूर्ण होते, पण तिथल्या ताई-दादांचं मानधन दर महिन्याला द्यावं लागतं.

२०१०मध्ये जोसेफ डुरलॅक, रॉजर वाइसबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळेनंतरच्या ६९ उपक्रमांचे अहवाल एकत्र तपासले. ज्या उपक्रमांत कौशल्यं पायरीपायरीनं शिकवली जात, मुलं स्वतः हातानं करून शिकत, त्यासाठी पुरेसा वेळ राखलेला असे आणि काय शिकायचं आहे ते स्पष्ट असे, तिथल्या मुलांचा आत्मविश्वास, वागणूक, शाळेतले गुण, सगळंच सुधारलं होतं. या चार गोष्टी एकत्र नसलेल्या उपक्रमांत हाती फारसं काही लागलं नव्हतं. उपक्रम ‘बरा’ असला की थोडा तरी फायदा होईल, ही आपली समजूत इथे टिकत नाही.

मुलांच्या संध्याकाळी नीट आखण्याचं काम आइसलँडनं देशाच्या पातळीवर करून दाखवलं. १९९८मध्ये तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्क्यांनी, मागच्या महिन्याभरात आपण दारू पिऊन झिंगलो होतो असं सांगितलं होतं. २०१६मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. रात्री उशिरा मुलांनी बाहेर राहू नये असा नियम, पालकांचे गट आणि दरवर्षीची पाहणी हे तर होतंच. पण जोडीला खेळ, संगीत, नृत्याच्या वर्गांवर मोठा खर्च झाला, आणि राजधानी रेक्याविकमध्ये प्रत्येक मुलामागे कुटुंबाला वर्षाची ठरावीक रक्कम मिळू लागली, जी अशाच वर्गांच्या फीसाठी वापरायची. गरीब घरातलं मूल फीमुळे मागे राहू नये म्हणून. देश चिमुकला आहे आणि श्रीमंत आहे, हे खरं. तरीही तिथल्या सरकारनं मुलांच्या संध्याकाळकडे सार्वजनिक जबाबदारी म्हणून पाहिलं, आणि हे आपल्या महानगरपालिकांनाही अशक्य नाही.

घाई केली तर काय होतं, हे ‘मॅजिक बस’च्या सुरुवातीच्या दिवसांत दिसलं. मॅथ्यू स्पेसी हे मुंबईत नोकरीला असलेले ब्रिटिश गृहस्थ. फॅशन स्ट्रीटवरच्या पोरांना त्यांनी आपल्याबरोबर रग्बी खेळायला घेतलं. पोरं खेळात तयार झाली, म्हणून त्यांना ओळखीनं नोकऱ्याही लावून दिल्या. त्या नोकऱ्या टिकल्या नाहीत. वेळ पाळणं, वरिष्ठांशी बोलणं, मनासारखं झालं नाही तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर जाणं, या गोष्टी एका उडीत येत नसतात. १९९९मध्ये ‘मॅजिक बस’ सुरू झाली तेव्हा मुलांना बसमधून शहराबाहेर सहलीला नेलं जाई. हळूहळू लक्षात आलं की एका दिवसाच्या आनंदानं मुलाचं आयुष्य वळत नाही. मग संस्थेनं दर आठवड्याची, वर्षानुवर्षं चालणारी, वस्तीतल्याच तरुणांनी घ्यायची खेळसत्रं आखली. नावात बस राहिली आणि कामाची वाट वस्तीतल्या मैदानाकडे वळली.

पाचोडची सातवी झालेली बाई, गोवंडीची ताई, नागपुरात एके काळी खेळाडू असलेले आणि आता लहानांना शिकवणारे तरुण, यांत एक धागा आहे. मुलांच्या अंगणापासून हाकेच्या अंतरावर राहणारं, मुलांपेक्षा थोडंसंच मोठं माणूस. महाराष्ट्राला हे नवं नाही. १९४१मध्ये एस. एम. जोशींच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाच्या संध्याकाळच्या शाखा अशाच थोड्या मोठ्या मुलांच्या बळावर चालत. सेवा दलाच्या कलापथकानं निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके यांना रंगमंच दिला, आणि स्मिता पाटीलही सेवा दलाच्या संस्कारातल्या. पुण्यात १९६२मध्ये आप्पा पेंडसे यांनी सुरू केलेल्या ज्ञानप्रबोधिनीत संध्याकाळची दलं असतात. कालचा दलावरचा मुलगा आज दादा होतो आणि पुढच्या तुकडीला खेळ, ढोल, बरची शिकवतो. ठाण्यात रत्नाकर मतकरी यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात समता विचार प्रसारक संस्थेबरोबर ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. ‘अलबत्या गलबत्या’ लिहिणाऱ्या या लेखकानं वस्तीतल्या मुलांच्या हाती आपलं नाटक दिलं नाही. तुमचं नाटक तुम्हीच रचा, तुमच्या घरात, गल्लीत जे घडतं त्यावर रचा, असं सांगितलं. मुलांनी रचलं आणि केलंही.

या परंपरेला आज घरघर लागली आहे ती तीन बाजूंनी. मैदानं आक्रसली. आठवी-नववीपासून संध्याकाळ शिकवणीनं व्यापली. आणि दादा-ताई होऊ शकणारी तरुण मुलं वीस-बाविसाव्या वर्षी पोटापाण्याच्या मागे लागतात, त्यांना हे काम परवडत नाही. यातलं तिसरं कारण सर्वांत कमी बोललं जातं आणि सर्वांत आधी सुटण्यासारखं आहे.

एखाद्या पालकानं, शिक्षकानं किंवा सरपंचानं आपल्या भागातला असा उपक्रम पारखायचा ठरवला, तर फलक, छायाचित्रं, जिंकलेले चषक यांच्याकडे बघू नये. संध्याकाळी मैदानाच्या कडेला दहा मिनिटं उभं राहावं. उद्याचा सामना आहे, आभाळ भरून आलंय, आणि एखादी आठवीतली मुलगी विचारते, ‘ताई, पाऊस आला तर?’ ताई काय करते हे पाहावं. ती उत्तर देऊन मोकळी होते का? की तोच प्रश्न रिंगणात टाकते, आणि मग कुणी शाळेचा व्हरांडा सुचवतं, कुणी म्हणतं मुख्याध्यापकांना आत्ताच विचारायला हवं, कुणी म्हणतं आपण दोघी जातो, आणि दोघी चपला घालून निघतातसुद्धा.